हिशोब चोख, पण माणूस देव मानत नाही

खतावणी | रविवार, रात्री १०:४०

सोलापुरातल्या आमच्या सोसायटीचा मी सहा वर्षं खजिनदार होतो. होतो, म्हणजे गेल्या महिन्यापर्यंत. अठ्ठावीस फ्लॅट, नोंदणीकृत सोसायटी, एक लिफ्ट, एक बोअर, उन्हाळ्यात टँकर. पोटापाण्यासाठी मी हिशोबच लिहितो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल-चादरीचे चार-पाच कारखाने आहेत, त्यांची टॅली माझ्याकडे. त्यामुळे सोसायटीचं काम म्हणजे जेवणानंतरची बडीशेप.

श्रावणात आमच्याकडे सत्यनारायण असतो. पूजेला कोणतं जोडपं बसणार ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. यंदा आमची चिठ्ठी निघाली. मी सेक्रेटरी काकांना बाजूला घेऊन म्हटलं, खुर्च्या लावतो, शिऱ्याचं सामान आणतो, पण बसायला दुसरं कुणी बघा. ते म्हणाले, सुतक आहे का? म्हटलं नाही. मग काय अडचण? आणि मी बोलून गेलो, काका, मी देव मानत नाही.

सोलापुरात हे वाक्य मी पंधरा वर्षांत मोठ्यानं म्हटलं नव्हतं. कुणी विचारतच नाही ना. सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला जातो, अक्षता टाकतो, आषाढीत दारावरून दिंडी गेली की चहा देतो. लोक धरून चालतात.

भांडण झालं नाही. तळमजल्यावरच्या काकू मेंटेनन्स रोख आणून द्यायच्या आणि "मोजू नका हो" म्हणून निघून जायच्या. भाद्रपदात त्यांनी पैसे दिले आणि मी पावती फाडेपर्यंत दारात उभ्या राहिल्या. मग वार्षिक सभा आली, "नव्या माणसाला संधी देऊया" असं कुणीतरी म्हणालं, हात वर झाले. नंतर जिन्यात काका म्हणाले, "हिशोब तुमचा चोख आहे, रुपया इकडचा तिकडे नाही. पण लोक म्हणतात, ज्याला देवाचं भय नाही त्याला कशाचं भय?"

राग आला. दोन दिवस झोपेत उत्तरं देत होतो. पण तिसऱ्या दिवशी एक गोष्ट आठवली, ती लिहितो आणि मग तुम्ही बोला. गेल्या वर्षी वॉचमन ठेवायचा होता. दोघं आले, कागदपत्रं सारखी, पगाराची मागणी सारखी. एकाच्या गळ्यात तुळशीची माळ होती. मी त्याला ठेवलं. सभेत माझेच शब्द होते: "माळकरी आहे, रात्री पिऊन पडणार नाही."

म्हणजे काकूंनी माझं जे केलं तेच मी त्या दुसऱ्या माणसाचं केलं होतं. तर हा अविश्वास नेमका कशावर असतो? देव आहे की नाही हा वाद इथे नको, त्याचे शंभर धागे आहेत.

शेंगाचटणी | रविवार, रात्री १०:५२

शिरा कसा झाला होता?

खतावणी | रविवार, रात्री १०:५५

चांगला. दोनदा घेतला.

विज्ञानवेडा | रविवार, रात्री ११:१०

यात विचार करण्यासारखं काय आहे? मेंढरं आहेत. पतसंस्था बुडवून पळालेले सगळे कपाळाला गंध लावणारेच होते. त्यांच्याकडे ठेवी ठेवताना कुणी पावतीसाठी दारात उभं राहिलं नाही. तुम्ही राजीनामा तोंडावर फेकायला हवा होता.

बाळीवेसकर | रविवार, रात्री ११:३१

काय बे वेड्या, मेंढरं कुणाला म्हणालास? मी पण त्यातलाच एक मेंढरू हाय. दरवर्षी गड्ड्यात बाराबंदी घालून नंदीध्वजाबरोबर अडुसष्ट लिंगांना पायी फिरतो.

खतावणी, तुमच्यावर अन्याय झाला हे मला मान्य हाय. पण काकूंची बाजू सांगू का? आमच्याकडं उधारीचा धंदा. माझे आजोबा सूत उधार द्यायचे. कागद नाही, सही नाही. समोरचा म्हणायचा, सिद्धरामेश्वराच्या पायाशी सांगतो, गड्ड्याच्या आधी देतो. बास. पैसे यायचे. सगळेच यायचे असं नाही, पण ज्यानं बुडवले त्याला पुढच्या गड्ड्यात तोंड दाखवायची चोरी. आता तुम्ही माझ्याकडं सूत मागायला आलाव, तर तुम्ही कुणाची शपथ घेणार? मी हे चिडवायला विचारत नाही. खरंच सांगा.

खतावणी | रविवार, रात्री ११:४५

याचं उत्तर माझ्याकडे लगेच नाही. चेक देईन म्हणालो तर तुम्ही हसाल.

बाळीवेसकर | रविवार, रात्री ११:४७

हसणारच की. चेक परत आलेले मी बंडल बांधून ठेवलेत.

काळाकोट | सोमवार, सकाळी ८:१५

शपथेचा विषय निघाला म्हणून लिहितो, हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे.

हा प्रश्न जुना आहे. इंग्लंडचा तत्त्वज्ञ जॉन लॉक, त्याचं धार्मिक सहिष्णुतेवरचं पत्र १६८९ साली छापून आलं. त्या काळाच्या मानानं फार पुढचं लिखाण. पण त्यातही त्याने नास्तिकांना बाहेर ठेवलं, कारण वचन, करार, शपथ यातलं काहीच त्यांना बांधून ठेवू शकत नाही असं त्याचं मत होतं. बाळीवेसकरांच्या आजोबांचा आणि लॉकचा मुद्दा एकच.

पुढे चार्ल्स ब्रॅडलॉ. उघड नास्तिक. १८८० मध्ये नॉर्थॅम्प्टनमधून पार्लमेंटवर निवडून आला. देवाच्या शपथेऐवजी साधी प्रतिज्ञा घेतो म्हणाला, तर बसू देईनात. बरं, नेहमीची शपथ घेतो म्हणाला, तर तुझ्या शपथेला अर्थ काय म्हणून तीही घेऊ देईनात. पुन्हा पुन्हा निवडून यायचा आणि पुन्हा दाराबाहेर. अखेर १८८६ मध्ये आत बसला, आणि १८८८ मध्ये त्याच्याच खटपटीने प्रतिज्ञेचा पर्याय कायद्यात आला. हाच ब्रॅडलॉ १८८९ मध्ये मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला आला होता. हिंदुस्थानची बाजू पार्लमेंटात मांडायचा म्हणून लोकांनी डोक्यावर घेतलं. तो देव मानतो का, हे तेव्हा इथे कुणी विचारलेलं दिसत नाही.

आपल्याकडे आज १९६९ चा शपथ कायदा आहे. साक्षीदाराला देवाची शपथ नको असेल तर प्रतिज्ञेवर साक्ष देता येते, वजन सारखंच. आमदार-खासदारांच्या शपथेतही 'ईश्वरसाक्ष' किंवा 'गांभीर्यपूर्वक' असे दोन्ही पर्याय संविधानाने दिलेत. कायद्यापुरता प्रश्न मिटलेला आहे. जिन्यात मिटलेला नाही.

आता अनुभवाचं. इतक्या वर्षांत ईश्वरसाक्ष शपथ घेऊन धडधडीत खोटं बोलणारे इतके पाहिलेत की मोजणं सोडलं. पण एक माणूस असा होता, नळाच्या मीटरवरून भावाशी दावा, कोर्टात वाट्टेल ते बोलला. बाहेर भाऊ म्हणाला, रूपाभवानीच्या देवळात चल आणि हेच बोल. तो गेला नाही. दावा दुसऱ्या दिवशी मिटला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, त्यातून काय काढायचं ते तुम्ही बघा.

दुपारची_शिफ्ट | सोमवार, दुपारी २:०५

मी मानसशास्त्र शिकवते. खतावणींच्या वॉचमनबद्दल वाचून हसू आलं, कारण याच्यावर बराच अभ्यास झालाय.

२०११ मध्ये गर्वेस, शरीफ आणि नोरेंझायन या तिघांनी कॅनडात एक प्रयोग केला. एक गोष्ट सांगायची. एक माणूस गाडी मागे घेताना उभ्या व्हॅनला ठोकतो, कुणी बघतंय म्हणून चिठ्ठी लिहिल्याचं नाटक करतो आणि पत्ता न ठेवताच निघून जातो. पुढे रस्त्यात पाकीट सापडतं, त्यातले पैसे काढून घेतो. मग विचारायचं, हा माणूस शिक्षक असण्याची शक्यता जास्त की 'शिक्षक आणि अमुक' असण्याची? गणित साधं आहे. नुसता शिक्षक असण्याची शक्यता नेहमी जास्त किंवा निदान तेवढीच, कारण दुसरी अट घातली की माणसं कमीच होणार. पण अमुकच्या जागी चित्रात फिट बसणारा शब्द आला की मन गणित विसरतं. 'ख्रिश्चन' किंवा 'मुस्लिम' घातलं तर फारसं कुणी चुकलं नाही. 'नास्तिक' घातलं तर पुष्कळ जण चुकले. इतके, की 'बलात्कारी' हा शब्द घातल्यावर चुकणाऱ्यांच्या जवळपास.

२०१७ मध्ये गर्वेस आणि सहकाऱ्यांनी हेच तेरा देशांत केलं, तीन हजारांवर लोकांबरोबर. भारतही त्यात होता. यावेळी गोष्ट खून करणाऱ्याची. बहुतेक देशांत तोच कल दिसला. फिनलंड आणि न्यूझीलंडमध्ये तेवढा स्पष्ट दिसला नाही. आणि खतावणी, हे तुमच्यासाठी: स्वतःला नास्तिक म्हणवणारेही त्याच बाजूला झुकले.

म्हणजे माळकऱ्याला निवडणारे तुम्ही एकटे नाही.

विज्ञानवेडा | सोमवार, दुपारी २:२०

म्हणजे ब्रेनवॉशिंग. लहानपणापासून डोक्यात भरवलेलं.

दुपारची_शिफ्ट | सोमवार, दुपारी २:३३

असेल. पण त्याच मंडळींचा २०१२ चा एक अभ्यास जास्त कामाचा आहे. लोकांना आधी पोलिसांच्या कामाबद्दलची चित्रफीत दाखवली आणि मग नास्तिकांबद्दल विचारलं. अविश्वास कमी झाला. देवाची आठवण करून दिली नव्हती, फक्त कुणीतरी लक्ष ठेवून आहे याची. नास्तिकाबद्दलचा राग किंवा किळस हा वेगळा भाग. 'याच्यावर कुणाची नजर आहे?' हा प्रश्न सुटला की विश्वासाचं गणित बदलतं.

तुमच्या सोसायटीचं ऑडिट होतं ना? ते कुणी वाचतं का?

खतावणी | सोमवार, दुपारी ३:१०

सहकार कायद्याप्रमाणे दरवर्षी होतं. अहवालाची प्रत सभेत फिरते, तिच्यावर चिवडा ठेवून खातात.

एक_आई | सोमवार, सायंकाळी ६:४५

मी इथे फक्त वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मुलीसाठी स्थळ आलंय. मुलगा इंजिनिअर, घरचा यंत्रमागाचा व्यवसाय आता तोच बघतो. घर चांगलं, माणसं साधी. मुलीला पसंत आहे. पहिल्याच भेटीत त्याने मुलीला सांगितलं की मी देव मानत नाही, तू मानत असशील तर माझी काही हरकत नाही. मुलगी म्हणते, आई, खरं बोलला ना? मला ते पटतं. पण रात्री झोप येत नाही. ह्यांना अजून सांगितलेलं नाही. भीती देवाच्या कोपाची नाही. भीती ही की उद्या काही वाकडं झालं तर त्याला कुणाच्या पायाशी नेऊ? आमच्यात नवरा-बायकोचं भांडण झालं की सासूबाई दोघांना अक्कलकोटला स्वामींपुढे बसवायच्या. तिथे खोटं बोलवायचं नाही. ह्याला मी कुठे बसवू?

शेंगाचटणी | सोमवार, सायंकाळी ६:५८

सासूबाईंपुढे बसवा. स्वामींपेक्षा कडक असतात.

दुपारची_शिफ्ट | सोमवार, सायंकाळी ७:३०

ताई, तुम्ही एकट्या नाही. २००६ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांचा एक अभ्यास आला होता. आपल्या मुलानं कुणाशी लग्न केलेलं चालणार नाही, हे विचारलं. जवळपास ४८ टक्के लोक नास्तिकाला नको म्हणाले. मुस्लिमांपेक्षाही नास्तिक नकोसे निघाले, तेही ११ सप्टेंबरच्या हल्ल्याला दोन-तीनच वर्षं झालेली असताना गोळा केलेली उत्तरं ही.

आपल्याकडचं सांगायचं तर प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेच्या २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात नीतिमान असायला देवावर श्रद्धा हवीच असं म्हणणारे भारतात ७९ टक्के होते. स्वीडनमध्ये ९.

वचनवाचक | सोमवार, रात्री ९:२०

शब्दाबद्दल थोडं. नास्तिक म्हणजे देव न मानणारा हा अर्थ नंतरचा. जुन्या शास्त्रात वेदांचं प्रामाण्य न मानणारा तो नास्तिक. त्या हिशोबाने जैन, बौद्ध नास्तिक. उलट वेदातल्या यज्ञकर्माला प्रमाण मानणारे मीमांसक आस्तिक, आणि जगाचा कर्ता देव त्यांना लागतच नव्हता. बाराव्या शतकातल्या शरणांनीही, म्हणजे बसवण्णांच्या काळातल्या लिंगायत संतांनीही, वेदांचा अधिकार मानला नाही. म्हणजे जुनी व्याख्या लावली तर सोलापूरचं ग्रामदैवत ज्यांच्या नावाने ओळखलं जातं ते सिद्धरामेश्वर कुठल्या रकान्यात बसतात ते बघा.

बसवण्णांचं एक वचन आमच्या घरात लहान मुलांना पाठ करून घेतात. चोरी करू नको, हत्या करू नको, खोटं बोलू नको, रागावू नको, दुसऱ्याची घृणा करू नको, आपली स्तुती करू नको, दुसऱ्याची निंदा करू नको. हीच आतली शुद्धी, हीच बाहेरची शुद्धी, कूडलसंगमदेवाला, म्हणजे बसवण्णांच्या इष्टदेवाला, प्रसन्न करायची रीतही हीच. यादीत अभिषेक नाही. आणि सिद्धरामेश्वरांनी काय केलं? तळं खोदलं. आजही देवळाभोवती पाणी आहे ते त्या कामाचं.

म्हणून काकू जो प्रश्न विचारतात तो आमच्या परंपरेत उलटा आहे. आधी वागणं बघा, भक्ती त्यातून कळेल.

बाळीवेसकर | सोमवार, रात्री ९:३८

अण्णा, वचन बरोबर. पण शेवटी कूडलसंगमदेव आलाच ना? सही त्याचीच लागते.

वचनवाचक | सोमवार, रात्री ९:४१

हो, आलाच. ते नाकारत नाही.

विज्ञानवेडा | सोमवार, रात्री ९:५०

[संपादक: वैयक्तिक शेरे असल्याने प्रतिसाद काढला आहे. एखाद्याच्या श्रद्धास्थानाबद्दल बोलताना भाषा सांभाळा, ही शेवटची सूचना.]

नाव_नको | सोमवार, रात्री ११:५५

विज्ञानवेडा, तुमच्या भाषेची किंमत आम्ही भरतो. तुम्ही इथे टोपणनावाने शिव्या देता आणि उद्या मी ऑफिसात उपवासाचा डबा नाकारला की लोक मला तुमच्यातली समजतात.

पुरुषाने देव मानत नाही म्हटलं की निदान 'वाचतो बिचारा, विचारवंत आहे' असं म्हणायला जागा असते. बाई म्हणाली की तिचं चारित्र्य काढतात. मी वटपौर्णिमेला वडाला गेले नाही, त्या वर्षी शेजारणीने माझ्या नवऱ्याला विचारलं होतं, "सगळं ठीक आहे ना तुमच्यात?" हळदीकुंकवाला बोलावतात, पण ओटी भरताना हात जरा आखडतो. मी नर्स आहे. रात्रपाळीला याच बायका आपल्या सासऱ्याला माझ्या हवाली करून घरी झोपायला जातात. तिथे मी काय मानते हे कुणी विचारत नाही.

आणि आम्ही गप्प का बसतो याचं कारण खजिनदारपद नाही. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात दाभोलकरांवर गोळ्या झाडल्या. २०१५ च्या फेब्रुवारीत कोल्हापुरात पानसरे, ऑगस्टमध्ये धारवाडला कलबुर्गी. यातल्या प्रत्येकाची मतं वेगळी होती. दाभोलकर तर जन्मभर सांगत राहिले की आमचा विरोध देवाला नाही, देवाच्या नावावर होणाऱ्या शोषणाला आहे. त्यांच्या मागणीचा जादूटोणाविरोधी कायदा त्यांच्या खुनानंतर काही दिवसांतच अध्यादेश म्हणून आला, डिसेंबरात विधिमंडळाने मंजूर केला, त्यातही देव मानू नका असं कुठे नाही. तरी ऐकणाऱ्यांनी जे ऐकायचं तेच ऐकलं. माझ्या आईने टीव्हीवर ती बातमी बघून मला फोन केला होता. म्हणाली, तू काय मानतेस ते मान, पण बोलू नको.

वचनवाचक | मंगळवार, सकाळी ७:१०

कलबुर्गी सर वचनसाहित्याचे मोठे अभ्यासक. आमच्या घरात त्यांची पुस्तकं आहेत. त्यांना नास्तिक म्हणणाऱ्यांनी त्यातलं एक पान उघडलं असतं तर बरं झालं असतं.

पूर्वभाग | मंगळवार, सकाळी ९:२५

आम्ही तेलुगू पद्मशाली, आजोबा तेलंगणातून मागावर काम करायला सोलापुरात आले. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो, त्यात मी अजून दोर ओढतो. वय सत्तर. देव मानतो का ते विचारू नका, मलाच रोज वेगळं वाटतं.

आंध्रातले गोरा ऐकलेत का कुणी? गोपराजू रामचंद्र राव. १९४० मध्ये त्यांनी नास्तिक केंद्र काढलं, ते पुढे विजयवाड्याला नेलं, आजही चालू आहे. या माणसाने आपण नास्तिक आहोत हे सांगूनच गांधीजींना पत्रं लिहिली आणि सेवाग्रामला जाऊन राहिला. प्रार्थनेच्या वेळी तो मनाने त्यात नसायचा, पण अस्पृश्यता घालवायच्या कामात राबायचा. गांधीजींचं आणि त्याचं जमलं ते वादातून नाही, त्याचं काम रोज डोळ्यांसमोर होतं म्हणून. गोरांच्या मुलीचं लग्न अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या मुलाशी सेवाग्रामला लावायचं ठरलं, तेव्हा गांधीजींनी विधीत देवाच्या जागी सत्याचं नाव घ्यायला होकार दिला. लग्न लागलं मार्च १९४८ मध्ये. तेव्हा गांधीजी नव्हते.

एक_आई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर यात आहे असं म्हणत नाही. पण देव मानणाऱ्यातला देव मानणारा माणूस एका नास्तिकाच्या शब्दावर विसंबला, पण त्यासाठी दोघांना काही काळ एकत्र राहावं लागलं.

बाळीवेसकर | मंगळवार, सकाळी १०:०२

मामा, तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलात. माझा मुद्दा तोच हाय, फक्त मला नीट सांगता येईना.

माझे वडील गेले तेव्हा भजनी मंडळाची बारा माणसं रात्रभर बसली. त्यातल्या चौघांशी माझं बोलणं पण नव्हतं. सकाळी चहा कुणी केला, लाकडं कुणी सांगितली, मला आजही माहिती नाही. दिंडीच्या वाटेवर तेच, गड्ड्यात तेच, पूर आला की तेच. माणूस देव मानतो म्हणून मी विश्वास ठेवत नाही बे. देवाच्या निमित्तानं तो वर्षातून पन्नास वेळा समोर येतो, त्याचं तोंड ओळखीचं होतं, कुणाच्या मयताला तो आला होता ते लक्षात राहतं. नास्तिक माणूस मला कुठं भेटणार? तो सत्यनारायणाला नाही, भजनाला नाही. तुम्ही लोक चांगले असालही, पण दिसत नाहीत. २०११ च्या जनगणनेत सगळ्या देशात तेहतीस हजारच नास्तिक निघाले म्हणे. आमच्या एका पेठेत मावतील.

खतावणी | मंगळवार, दुपारी १:१५

बाळीवेसकर, तेहतीस हजार म्हणजे ज्यांनी तसं लिहून दिलं तेवढे. त्यात सगळ्यात जास्त महाराष्ट्रातले, साडेनऊ हजारांच्या वर. मी त्यात नाही. माझ्या रकान्यात वडिलांनी सांगितलं तेच लिहिलं गेलं होतं.

मयताचं तुम्ही काढलंत म्हणून सांगतो. माझे वडील गेले, मी केस काढले नाहीत, दहाव्याला कावळ्याची वाट बघत नदीकाठी बसलो नाही. भाऊ बसला. लोकांना वाटलं, याचं बापावर प्रेम नव्हतं. चौदा महिने त्यांना डायलिसिसला आठवड्यातून दोनदा मी नेत होतो, पण ते रिक्षावाल्याने पाहिलं, गावाने नाही. गावाने दहावा पाहिला. आज वाटतं, बसलो असतो नदीवर दोन तास तर काय बिघडलं असतं? आणि लगेच वाटतं, नाही, खोटं बसलो असतो तर तेही हिशोबातली गफलतच. अजून माझं ठरलेलं नाही.

पण तुमचा सुताचा प्रश्न रविवारपासून डोक्यात आहे. मी कुणाची शपथ घेणार? माझ्याकडे दाखवायला माळ नाही. मी म्हणेन, शपथ घेणार नाही, माझी वही ठेवून घ्या. मी आजवर ज्यांचे हिशोब लिहिले त्यांची नावं देतो, पाहिजे त्याला विचारा. सावकाशीचं काम आहे, गड्ड्याच्या आधी होणारं नाही. काकूंना दारात उभं राहून पावती घ्यावीशी वाटली यात खरं तर मला बरं वाटायला हवं होतं. पावती सगळ्यांनीच घ्यावी. माझ्या आधीच्या खजिनदारांकडूनही घ्यायला हवी होती. त्यांच्या काळातला बोअरच्या मोटरचा खर्च अजून जुळत नाही, पण ते रोज देवळात जायचे म्हणून कुणी वही मागितली नाही.

काळाकोट | मंगळवार, दुपारी १:४०

मोटरचं इथे लिहू नका. उद्या नोटीस आली तर फुकट लढणार नाही.

नाव_नको | मंगळवार, सायंकाळी ५:२०

बाळीवेसकर, नास्तिक कुठे दिसतील विचारलंत म्हणून. सिव्हिलमध्ये रक्त द्यायला रांगेत बघा. कोण कोण आहे ते कळणार नाही, कारण तिथल्या फॉर्मवर तो रकाना नाही.

बाळीवेसकर | मंगळवार, सायंकाळी ५:३५

ताई, त्या रांगेत आमचं मंडळ पण असतं. टी-शर्ट घालून, फोटो काढून. तुम्ही पण टी-शर्ट काढा की.

शेंगाचटणी | मंगळवार, सायंकाळी ५:३६

"आम्ही देव मानत नाही, रक्त ओ पॉझिटिव्ह." नवी पेठेत छापून मिळेल.

एक_आई | गुरुवार, रात्री ८:५०

सगळ्यांचं वाचलं. ह्यांना सांगितलं. अपेक्षेपेक्षा कमी ओरडले. म्हणाले, देव मानत नाही हे एकदा बाजूला ठेव, माणूस कसा आहे ते त्याच्या कामगारांना विचारू. हे स्वतः कारखान्याबाहेरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसले, काही न सांगता. कांडी भरणाऱ्या बायका म्हणाल्या, पगार दहा तारखेला होतो. आधी मालक, म्हणजे मुलाचे वडील, पंधराच्या पुढे न्यायचे. पण एक बाई असंही म्हणाली, "मोठे मालक दसऱ्याला साडी द्यायचे, पाया पडू द्यायचे, घरचं विचारायचे. ह्यो पैसे बँकेत टाकतो अन् बोलत न्हाई."

ह्यांना ते दुसरं जास्त लागलं. मला पहिलं. बोलणं अजून चालू आहे. मुलगी म्हणते, दोघं मिळून ठरवा, पण त्याला अक्कलकोटला नेऊ नका.

पूर्वभाग | गुरुवार, रात्री ९:१५

साडी द्यायला सांगा हो त्याला. सूनबाईच्या हातानं.

खतावणी | शनिवार, रात्री ११:२०

ताजी खबर. आत्ता साडेनऊला नवे खजिनदार घरी आले. भला माणूस, दर गुरुवारी उपवास, बँकेतून निवृत्त. हातात पिशवी. पिशवीत महिन्याभराची बिलं, टँकरच्या चिठ्ठ्या, सफाईवाल्याचा सही नसलेला व्हाउचर, विजेच्या बिलाची फाटकी प्रत. म्हणाले, "तुम्ही लिहून द्या, सही मी करतो. कुणाला सांगू नका." बायकोने चहा केला. मी म्हटलं लिहितो, पण एका अटीवर. महिन्याचा जमाखर्च लिफ्टशेजारी लावायचा, माझ्या वेळचाही, त्याच्या आधीचाही. ते बराच वेळ चहा ढवळत बसले. साखर आधीच विरघळली होती. मग म्हणाले, सेक्रेटरींना विचारतो.

पिशवी ठेवून गेलेत. आत्ता लावून बसलोय. टँकरचं जुळलं. लिफ्टवाल्याची चार हजार दोनशेची पावती तेवढी सापडत नाहीये.